हेडफोन ठेवायचा कोठे?

कार्यालयातील टेबलावर पेनांसाठी स्टँड असतो, कागदांसाठी ट्रे असतो, चहाच्या कपालाही एक ठरलेला कोपरा असतो. हेडफोनला मात्र स्वतःची अशी जागा नसते. काम संपले की तो कीबोर्डवर, फायलींच्या गठ्ठ्यावर किंवा ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या शेजारी टाकला जातो. २०२० मधील टाळेबंदीत जेवणाचे टेबलच अनेकांचे कार्यालय झाले आणि हा प्रश्न घरापर्यंत येऊन पोहोचला. वरवर पाहता हा केवळ टापटिपीचा विषय वाटतो. परंतु हेडफोन किती दिवस टिकणार, यात तो कसा ठेवला जातो याचा वाटा मोठा आहे.

प्रथम वायरीचा गुंता. व्यवस्थित ठेवलेली वायर दुसऱ्या दिवशी गाठी घेऊन बाहेर येते, याचा दोष घरातील मुलांना देण्याचे कारण नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेतील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी २००७ मध्ये याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. दोरीचा तुकडा खोक्यात टाकायचा, खोके गरगर फिरवायचे आणि गाठ पडली का ते पाहायचे, असा हा प्रयोग त्यांनी ३,४१५ वेळा केला. सुमारे ४६ सेंटिमीटरहून आखूड दोरीला गाठ पडली नाही. लांबी दीड मीटरपर्यंत वाढवत नेली, तसे गाठींचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि पुढे ते निम्म्याच्या आसपास स्थिरावले. गाठ पडण्यास काही सेकंदही पुरत होते. या कामाला २००८ मध्ये गमतीदार संशोधनासाठी दिला जाणारा इग नोबेल पुरस्कार मिळाला. इयरफोनची वायर साधारणतः मीटरभराहून थोडी अधिक लांब असते, म्हणजे ती नेमकी गाठी पडण्याच्या लांबीत बसते.

याच प्रयोगात उपायही दडलेला आहे. खोके लहान केले तेव्हा गाठी कमी पडल्या, कारण दोरीला हलण्यास वाव उरला नाही. म्हणून इयरफोन मोठ्या ड्रॉवरमध्ये मोकळा टाकण्याऐवजी लहानशा डबीत ठेवावा. चष्म्याचे जुने घर त्यासाठी उत्तम.

वायर गुंडाळण्याचीही एक रीत आहे. बोटांभोवती एकाच दिशेने वेढे घेत गेल्यास प्रत्येक वेढ्यागणिक वायरीला एक पीळ बसतो. नाट्यगृहातील ध्वनिव्यवस्था सांभाळणारे तंत्रज्ञ त्यामुळे एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा घेतात. पीळ आपोआप उतरतो. वेढे तळहाताएवढे आणि सैल असावेत. आतील तांब्याच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि त्या बहुधा पिनेजवळ किंवा कानाच्या भागाजवळ तुटतात. मुलाखती ऐकून लिहून काढताना प्रस्तुत प्रतिनिधीच्या दोन इयरफोनचा डावा कान असाच मुका झाला. वायर रेकॉर्डरभोवती करकचून आवळण्याची सवय त्याला कारणीभूत होती.

मोठ्या हेडफोनसाठी टेबलाच्या फळीखाली, गुडघा लागणार नाही अशा बाजूला आकडा बसवणे सर्वांत सोयीचे. टेबलावरची जागा अडत नाही आणि हात सहज पोहोचतो. आकडा मात्र दोन बोटे तरी रुंद असावा. बारीक खिळ्यावर टांगल्यास डोक्यावरच्या पट्टीच्या गादीत खड्डा पडतो. एखाद्या जाड वस्तूवर ताणून बसवल्यास पट्टीची पकड सैल होते. खुर्चीच्या पाठीवर तर तो ठेवूच नये. खुर्ची फिरली की तो जमिनीवर आणि वायर चाकाखाली!

मुंबई-कोकणातील पावसाळा हा आणखी एक शत्रू. कानाच्या गाद्यांवरील चामड्यासारखे आवरण बहुधा पॉलियुरेथेनचे असते. दमट आणि उष्ण हवेत त्याचे विघटन होते आणि काही वर्षांत काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. घामेजलेला हेडफोन लगेच पिशवीत कोंडू नये. कोरड्या कापडाने पुसून थोडा वेळ वारा लागू द्यावा. नव्या बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी पिशवीत टाकल्यास ओल कमी राहते. बिनतारी हेडफोन खिडकीतील उन्हात ठेवू नये, कारण उष्णतेने त्यातील लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. दीर्घ रजेवर जाताना ती निम्मी भरलेली असावी. पूर्ण रिकामी तर मुळीच नको.

पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कार्यालयांत एकच हेडफोन दोन-तीन जणांच्या कानाला लागतो. गाद्यांवर चढवण्याची कापडी आवरणे बाजारात मिळतात. ती प्रत्येकाने आपापली, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवावीत. नावे लिहिल्यापासून, निदान आमच्या कार्यालयात तरी, ‘हे कोणाचे?’ ही रोजची हाक ऐकू येत नाही.