दात गेला, मागोमाग हाडही निघालं

जॉर्जियातल्या दमानिसी इथली एक कवटी साधारण 18 लाख वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावरचा शोधनिबंध 2005 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा चर्चा झाली ती तिच्या बोळक्याची. एक सुळा सोडला तर तोंडात दातच नाही. जुन्या कवट्यांचे दात गळतात, त्यात नवल नाही. पण मेल्यावर दात पडला तर त्याचा खळगा उघडाच राहतो. इथे खळगे बुजून जबडा गुळगुळीत झाला होता. ते काम जिवंत शरीरच करू शकतं, तेही सावकाश. म्हणजे दात गेल्यावरही हा जीव काही वर्षं जगला होता.

दाढ काढल्यावर आपल्या तोंडातही हेच घडतं. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. मध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा पदर असतो. घास चावताना दात या तंतूंना ताणतो, तंतू हाडाला. हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावते ती ही ओढ. ती थांबली की हाड खाणाऱ्या पेशी वरचढ होतात. खळग्याभोवतीचं हाड मुळात दातासाठीच वाढलेलं. भाडेकरू गेला की वाडा पाडायला काढावा, तसा प्रकार. वर्षभरात तिथली रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. गालाकडची भिंत पातळ असल्याने ती आधी खचते.

कवळीने चावता येतं, हाड मात्र वाचत नाही. दात हाडाला ओढतो, कवळी त्याला वरून दाबते. अँट्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचे जबडे 25 वर्षं तपासले आणि 1972 मध्ये निष्कर्ष मांडले: खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट. खालचीच कवळी बोलताना का उडते, हे आजीला विचारायची गरज नाही. कवळी तीच असते, जबडा बदललेला असतो. हाड फार झिजलं तर हनुवटीकडे जाणारी नस जवळजवळ वर येते आणि घासागणिक कळ मारते.

कवळीला हाड धरत नाही, टायटॅनियमला मात्र घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रॉनमार्क यांना सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवले. त्यातून चावण्याचा भार पुन्हा हाडात उतरतो. पण स्क्रू रोवायला हाड शिल्लक हवं. ‘आतलीच दाढ आहे, कोणाला दिसते’ म्हणत काही वर्षं काढलेल्या माणसाला डॉक्टर अनेकदा दाताआधी हाड भरण्याचा खर्च सांगतात, तो त्यामुळेच.