गांडूळखत: दोन पोत्यांचा हिशेब

कराड असो वा वाळवा, आडसाली उसाच्या लागणी सुरू झाल्या की एक सल्ला हमखास कानावर येतो: "एकरी दोन पोती गांडूळखत टाका, युरिया लागतच नाही." हा सल्ला चुकीचा आहे आणि तो ऐकणाऱ्याच्या उत्पन्नावर बेततो.

हिशेब मांडून पाहावा. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात नत्र किमान १ टक्का असावे लागते. म्हणजे ५० किलोच्या दोन पोत्यांत नत्र भरते एक किलो. उत्तम खत असले तर दीड-दोन किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात ते २०.७ किलो असते. आडसाली उसाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६०. एवढे नत्र १ टक्क्याच्या गांडूळखतातून द्यायचे तर एकरी १६ टन खत हवे! त्यातही बरेचसे नत्र सेंद्रिय रूपात असल्याने पिकाला सावकाश मिळते. दोन पोत्यांवर सोडलेला ऊस पिवळा पडतो आणि बोल मात्र गांडूळखताला लागतो.

गांडूळखताचे खरे बळ सेंद्रिय कर्बात आहे. त्याच आदेशानुसार तो किमान १८ टक्के हवा, म्हणजे टनामागे १८० किलो. त्यावर जिवाणू पोसतात, माती रवाळ होते, ओल टिकते. म्हणून माती परीक्षण करून ते रासायनिक खतांच्या जोडीने द्यावे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

बेडमधली गांडुळे सरीत सोडली की जमीन नांगरली जाते: नाही. खतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात वरच्या कुजक्या थरातच राहते.

कृष्णाकाठची क्षारपड जमीन गांडूळखताने सुधारते: आधी निचरा हवा. पाणी हटल्याशिवाय क्षार हटत नाहीत.

कुंडीत निव्वळ गांडूळखत भरावे: अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांत मिश्रणातले १० ते २० टक्के प्रमाणही रोपांना पुरेसे ठरले.

ताजे शेण गांडुळांना चालते: ते तापते आणि गांडुळे मरतात.

आणि कर्ब विकत आणणाऱ्याने शेतातला कर्ब पेटवू नये. उसाचे हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. खोडव्यात ते सरीत दाबून टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकावे, ओल ठेवावी. पाचट जागेवरच कुजते.