क्ष-किरण : न जाणवणारा चटका

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात बारावीतला एक विद्यार्थी मला भेटला. जुन्या बाजारातून त्याने एक निर्वात नळी मिळवली होती. "सर, इंडक्शन कॉइल कॉलेजात आहेच. ती या नळीला जोडली तर क्ष-किरण निघतील ना?" त्याचे भौतिकशास्त्र बरोबर होते, आणि म्हणूनच मला काळजी वाटली.

क्ष-किरण तयार होण्यासाठी फारसे काही लागत नाही. निर्वात नळीत काही हजार व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉन वेगाने धावतात. धातूवर किंवा काचेवर आदळून ते एकदम थांबले, की त्यांच्या ऊर्जेचा थोडासा भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन यांची नळी काळ्या कागदाने झाकलेली होती, तरी जवळचा रासायनिक लेप दिलेला पडदा चमकला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, त्यात हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसली. राँटगेन यांनी पेटंट घेतले नाही. लागणारे साहित्य बहुतेक प्रयोगशाळांत आधीच होते. त्यामुळे १८९६ या एकाच वर्षात या विषयावर हजाराच्या आसपास लेख प्रसिद्ध झाले.

हे आकर्षण पुढेही ओसरले नाही. १९५६ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या हौशी वैज्ञानिकांसाठीच्या सदरात घरी बनवलेल्या क्ष-किरण यंत्राची माहिती आली होती. २००८ मध्ये तर अमेरिकेतील संशोधकांनी निर्वातात चिकटपट्टी उलगडून क्ष-किरण मिळवले आणि बोटाचे छायाचित्रही घेतले! (साध्या हवेत चिकटपट्टीपासून क्ष-किरण मिळत नाहीत, तेव्हा घाबरू नये.)

मग धोका नेमका कुठे आहे? कोणताही प्रयोग करताना आपली ज्ञानेंद्रिये आपल्याला सावध करत असतात. तापलेल्या पात्राला हात लागला तर तो आपोआप मागे येतो. वायू गळू लागला तर बहुधा वास येतो. क्ष-किरण मात्र दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, चटका बसत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ एलिह्यू थॉमसन यांनी १८९६ मध्ये स्वतःच्या डाव्या करंगळीवर मुद्दाम हे किरण घेतले. सुरुवातीचे काही दिवस काहीच झाले नाही. नंतर बोट लाल झाले, सुजले आणि त्यावर फोड आले. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली नळ्या तपासताना स्वतःचा हात मध्ये धरत. हातांना जखमा झाल्या, पुढे कर्करोग झाला, हात कापावे लागले. १९०४ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी हे संशोधनच सोडून दिले.

परिणाम उशिरा का दिसतो? क्ष-किरण पेशींतील रेणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात आणि डीएनएची साखळी तुटू शकते. पेशी लगेच मरतेच असे नाही. पुष्कळदा ती विभाजनाच्या वेळी मरते. त्वचेच्या खालच्या थरातील पेशी अशा मरत गेल्या, की वरची झीज भरून निघत नाही. चुकीची दुरुस्ती झालेली पेशी जगली, तर कर्करोग अनेक वर्षांनीही उद्भवू शकतो.

"पण डॉक्टरही क्ष-किरण वापरतातच ना?" असे विद्यार्थी विचारतील. दवाखान्यात किरण सेकंदाच्या लहानशा भागापुरते आणि हव्या तेवढ्याच जागेवर पडतात. राँटगेन यांच्या पत्नीला हात सुमारे १५ मिनिटे धरावा लागला होता. शिवाय हौशी प्रयोगकर्ता नळीच्या अगदी जवळ असतो. १ मीटरऐवजी ५ सेंटिमीटरवर हात नेला, तर अंतर २० पट कमी होते आणि व्यस्त वर्गाच्या नियमाने तीव्रता ४०० पट वाढते. आपल्याकडे क्ष-किरण यंत्रांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे, ते यासाठीच.

शिक्षकांनी आपल्या प्रयोगशाळेचे कपाटही एकदा पाहावे. कॅथोड किरण दाखवण्याच्या जुन्या नळ्या इंडक्शन कॉइलवर चालवल्या, तर त्यांतूनही क्ष-किरण निघू शकतात. वापराने अशा नळीतील वायू आणखी विरळ होतो. मग तिला अधिक दाब लागतो आणि किरण जास्त भेदक होतात. म्हणून शक्य तितका कमी दाब ठेवावा, नळी काही सेकंदच चालवावी आणि मुलांना दोन-तीन मीटर दूर उभे करावे. नळीबद्दल शंका असेल तर ती वापरूच नये.

त्या विद्यार्थ्याला मी नुसते 'नाही' म्हटले नाही. क्ष-किरण छायाचित्र म्हणजे मुळात एक सावली. आम्ही एक लहान दिवा, एक पेन्सिल आणि पांढरा कागद घेतला. दिव्याचा आकार व अंतरे बदलली, की सावली कधी रेखीव, कधी पुसट होते, हे त्याने मोजून पाहिले. मग घरातली जुनी एक्स-रे फिल्म खिडकीशी धरून हाड पांढरे आणि फुप्फुस काळे का, याचा विचार केला. हाडातील कॅल्शियम किरण अधिक शोषते, हे उत्तर त्याने स्वतःच शोधले. जाताना ती नळी तो माझ्याच टेबलावर ठेवून गेला.