चाळिशीनंतरची जीन्स : शोभेल कशी, सोसेल कशी?

“या वयात जीन्स? लोक काय म्हणतील?” चंद्रपूरच्या गोल बाजारात असो की तालुक्याच्या आठवडी बाजारात, पँटच्या ढिगासमोर उभ्या असलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाईच्या मनात हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. मुलगी जीन्स घालते, सून घालते. पोलीस आणि वनखात्यातल्या आपल्या भगिनी तर पँट-शर्टच्या गणवेशातच नोकरी करतात. मग आईनेच तेवढे मन मारायचे काय?

कष्टकऱ्याचे कापड

जीन्स ही पैसेवाल्यांची चैन, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याच्याकडे नवऱ्यासाठी टिकाऊ पँट मागितली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या खिळ्या ठोकून दिल्या. पुढे कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट घेतले. बायकांसाठी वेगळी जीन्स याच कंपनीने १९३४ साली काढली. आणि ‘डंगरी’ हा शब्द तर आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलेला आहे. तिथे विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड खलाशी आणि मजूर वापरीत. म्हणजे हे कापड खाणीतल्या, जंगलातल्या, गोदीतल्या माणसांचे आहे. कोळसा खाणीच्या आणि सागवानाच्या आपल्या मुलखाला ते परके कसे म्हणावे?

पोशाखाचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना मुद्दाम वेगळे सांगितले होते. लुगडे नेसण्याची जुनी तऱ्हा आणि हातागळ्यातले जड दागिने ही अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असू द्या. त्या बायकांनी नेसण्याची तऱ्हा तिथेच बदलली. बाईने काय नेसावे हे दुसऱ्याने ठरवायचे नाही, हा धडा आपल्या आज्यांनी तेव्हाच गिरवला आहे. म्हणून जीन्स घालावीच असेही नाही. विहारातले पांढरे पातळ आपल्या जागी शोभते, कामाचा कपडा आपल्या जागी.

शरीर बदलते, माप बदलते

साधारण पंचेचाळीस ते पन्नाशीच्या दरम्यान पाळी जाते. पोट आणि कंबर भरते, एकाएकी अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो. त्यात आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा! तेव्हा जाड, घट्ट जीन्स घेऊन पस्तावू नका. पातळ, सुती कापड बघा. त्यात शेकडा एक-दोन भाग ताणणारा धागा असला की बसता-उठता सोपे जाते. फार जास्त असला तर पँट लवकर ढिली पडते आणि उकडतेही.

कंबरपट्टा बेंबीच्या जवळपास यावा. खाली बसणारी पँट पोट वर ढकलते आणि वाकताना पाठ उघडी पडते. माप नितंबाचे धरा. तिथे नीट बसली आणि कंबरेला सैल झाली, तर शिंपी कंबर आवळून देतो, मागे इलॅस्टिकही घालतो. कंबरेच्या मापाने घेतलेली घट्ट पँट मात्र कोणी सैल करून देऊ शकत नाही.

पाय मांडीपासून खाली सरळ उतरणारा असावा. घोट्याशी चिकटणारी जीन्स टाळा. आपल्या भागात हत्तीपायाचा आजार आहे. पायाला सूज असणाऱ्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावे. फार घट्ट पँटने मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तिथली नस दबल्याची ती खूण असते.

रंग गडद निळा किंवा काळा, एकसारखा घ्या. मांडीवर पांढरे पट्टे असले की मांडी रुंद दिसते. मागचे खिसे फार लहान आणि दूरदूर नकोत. वर मांडीपर्यंत येणारी सुती कुर्ती घातली की उभा बांधा दिसतो आणि संकोचही वाटत नाही.

घेण्यापूर्वी

दुकानात घालून बघता येत असेल तर नुसते आरशासमोर उभे राहू नका. खुर्चीवर बसा, उकिडव्या बसा, एसटीची पायरी चढल्यासारखा पाय उचला. पोटात बटण रुतले तर ती पँट तुमची नव्हे. आठवडी बाजारात घालून बघण्याची सोय नसते. तिथे घरची नीट बसणारी पँट पिशवीतून न्या आणि नवीवर ठेवून कंबर, नितंब, लांबी ताडून बघा.

नोकरी करणाऱ्या बहिणींनी खात्याचा नियम विचारून घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने कार्यालयात जीन्सला मनाई केली होती. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही तशाच सूचना निघाल्या.

कुठे चालेल, कुठे नाही

मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना काट्याकुट्यापासून जाड कापड पाय वाचवते. पण धानाच्या रोवणीत जीन्स कामाची नाही. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही. तिथे खोचलेले लुगडेच बरे. पावसाळ्यात ओली जीन्स अंगावर ठेवली तर जांघेत गजकर्ण उठते, तेव्हा घरी येताच बदला. पहिल्या काही धुण्यांत रंग जातो, म्हणून उलटी करून, वेगळी, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

भगिनींनो, घरातल्या सगळ्यांचे कपडे घेऊन झाल्यावर उरलेल्या पैशात आपले पातळ घ्यायचे, ही आपली सवय. या वेळी आधी आपले माप घ्या. जीन्स असो, सलवार असो की लुगडे, ज्यात चालताना पाय अडत नाही, बसताना पोट दुखत नाही आणि चार माणसांत मान ताठ राहते, तोच तुमचा पोशाख.