शोरापूरचा टेलर आणि जेवर्गीची शिळावर्तुळे

फिलिप मेडोज टेलर लिव्हरपूलमध्ये 25 सप्टेंबर 1808 रोजी जन्मला. 1824 साली वयाच्या पंधराव्या वर्षी तो मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीला आला. पेढीची घडी विस्कटलेली होती, म्हणून लवकरच त्याने निजामाच्या लष्कराची वाट धरली. 1839 साली ठगांवरच्या कादंबरीने त्याचे नाव इंग्लंडभर झाले. त्याचे टिकाऊ काम मात्र भीमाकाठच्या माळरानावर झाले.

1841 पासून 1853 पर्यंत तो शोरापूर संस्थानाचा कारभार पाहत होता. आजचे हे सुरपूर पूर्वी गुलबर्गा जिल्ह्यात होते, आता यादगीर जिल्ह्यात आहे. गादीवरचा वेंकटप्पा नायक लहान होता. तो टेलरला ‘अप्पा’ म्हणे. रस्ते, तळी, वसुली सांभाळून टेलर गावोगाव हिंडे, चित्रे काढी, रोजची टिपणे ठेवी, वडिलांना लांबलचक पत्रे लिही.

या फिरतीतच त्याला राजनकोळूरची दगडी शवगृहे आणि जेवर्गीजवळची शिळावर्तुळे दिसली. अशा शवगृहांना कानडीत ‘मोरियर मने’ म्हणजे मोरियांची घरे म्हणतात. ती बुटक्या माणसांनी बांधली, असे लोक सांगत. टेलरने ही समजूत नोंदवली आणि खणायला माणसे लावली. दगडांच्या वर्तुळाखाली माती, मातीखाली मडकी, लोखंडी हत्यारे आणि माणसांचे सांगाडे निघाले. काही सांगाड्यांची शिरे धडापासून वेगळी होती. त्यावरून त्याने नरबळीचा तर्क केला.

इंग्लंडात सतराव्या शतकात जॉन ऑब्रेने स्टोनहेंज आणि एव्हबरीच्या शिळा पाहून टिपून ठेवल्या होत्या. जुन्या वस्तूंचा ध्यास घेतलेल्या त्या इंग्रजांचाच टेलर हा वारस. पण तो एक पाऊल पुढे गेला. वरचे दगड, मधली माती, तळची हाडे हे सारे जसे होते तसे, थरांनिशी, त्याने उभ्या छेदात रेखाटले. शंभर वर्षांनी, 1954 साली, मॉर्टिमर व्हीलरने उत्खननशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात या कामाची वाखाणणी केली. ही बांधकामे केल्ट किंवा सिथियन लोकांची, हे टेलरचे मत आज कोणी मानत नाही. ती दक्षिणेतल्या लोहयुगीन लोकांची आहेत. मत चुकले, पण रेखाटन आजही उपयोगी पडते, यातच त्याची योग्यता आहे.

1853 नंतर तो नळदुर्गला आला आणि मराठी मुलखाशी त्याचा घनिष्ठ संबंध जडला. तुळजापूरच्या एका ब्राह्मण मुलीवरची त्याची ‘तारा’ ही कादंबरी 1863 साली प्रसिद्ध झाली. 1858 मध्ये तो पुन्हा शोरापूरला गेला, तेव्हा उठावात उतरलेला वेंकटप्पा इंग्रजांचा कैदी होता. मुलासारख्या वाढवलेल्या राजाचा तुरुंगाच्या वाटेवर गोळी लागून झालेला मृत्यू हे टेलरच्या आत्मकथनातले सर्वात व्याकूळ प्रकरण आहे. 1860 साली तो मायदेशी परतला आणि 13 मे 1876 रोजी फ्रान्समधल्या मांतों येथे वारला. ते आत्मकथन मुलगी ॲलिस हिने 1877 साली प्रसिद्ध केले.

सुरपूरच्या टेकडीवर त्याचा बंगला ‘टेलर मंजिल’ या नावाने ओळखला जातो. त्याने रेखाटलेल्यांसारखे शिळावर्तुळ शेतात आढळले, तर बांधासाठी दगड हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे.