अक्षरचित्रण : इस्लामी सुलेखन व अभिव्यक्तिवाद

अरबी, फार्सी व उर्दू लेखनातील अक्षररूपांचा आधुनिक, विशेषतः अभिव्यक्तिवादी, चित्रभाषेत केलेला उपयोग. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पश्चिम आशिया, उत्तर आफ्रिका व भारतीय उपखंड येथील चित्रकारांनी हा प्रकार हाताळला. अरब देशांत त्यास ‘हुरूफिय्या’ (‘हर्फ’ म्हणजे अक्षर) ही संज्ञा रूढ झाली.

पारंपरिक सुलेखन प्रमाणबद्ध असते. बोरूचे टोक तिरपे कापल्याने कागदावर चौकटच्या आकाराचा ठिपका उमटतो. हा ठिपका, ‘अलिफ’ची उंची आणि त्या उंचीएवढ्या व्यासाचे वर्तुळ यांवर अक्षरांची मापे बसविण्याची पद्धत बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याच्या नावाशी निगडित आहे. कूफी, नस्ख, सुलुस, नस्तालिक या प्रमुख शैली होत. कुराणाचे लेखन हे या कलेचे श्रेष्ठ प्रयोजन असल्याने शब्दाचा पाठ अबाधित राखणे बंधनकारक ठरले.

याउलट १९०५ मध्ये ड्रेझ्डेन येथे स्थापन झालेल्या ‘डी ब्र्यूके’ गटापासून पुढे आलेल्या अभिव्यक्तिवादाने भावनेच्या प्रकटीकरणासाठी आकाराची मोडतोड ग्राह्य मानली. त्यामुळे दोहोंच्या संयोगात मूलभूत पेच निर्माण होतो : अक्षर विरूप केल्यास पवित्र वचनाला बाध येतो, आणि मापात ठेवल्यास चित्रकाराचा व्यक्तिगत आविष्कार खुंटतो. यावर काहींनी अर्थनिरपेक्ष सुटे अक्षर निवडले, काहींनी वाचता न येणारे फटकारे योजिले, तर काहींनी वचन सुवाच्य ठेवून भोवतीचा रंगावकाश मोकळा केला.

इराकी चित्रकर्त्री मदीहा उमर यांनी १९४९ मध्ये वॉशिंग्टन येथे अक्षराधारित चित्रे प्रदर्शित केली. शाकिर हसन अल्-सईद यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये बगदाद येथे ‘एकमिती’ गट स्थापन झाला. अमरोहा येथे जन्मलेले पाकिस्तानी चित्रकार सादेकैन (मृत्यू १९८७) यांनी निवडुंगासारख्या उभ्या, काटेरी आकारांतून अक्षरे घडविली. १९८०च्या दशकाच्या आरंभी भारतात आले असता त्यांनी अलीगढ, वाराणसी, हैदराबाद इ. ठिकाणी भित्तिचित्रे रंगविली.

महाराष्ट्रात पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांनी बालपणी बडोद्यात कूफी लेखनाचे धडे घेतले होते. त्यांच्या अभिव्यक्तिवादी चित्रांतील ठसठशीत बाह्यरेषेमागे हा संस्कार असल्याचे मानण्यास जागा आहे. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांनी मात्र आपल्या अमूर्त चित्रांत देवनागरीतील काव्यपंक्ती लिहिल्या. लिपीची निवड चित्रकाराच्या धर्मावरून ठरत नाही, हे यावरून दिसते.

विदर्भातील वर्धा येथे हाच प्रश्न भाषेच्या क्षेत्रात उपस्थित झाला. तेथे १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. पुढे नागरी व उर्दू या दोन्ही लिपी प्रत्येकाने शिकाव्यात, या भूमिकेतून महात्मा गांधींनी १९४२ मध्ये हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापिली. दोन लिपींच्या या आग्रहामुळेच १९४५ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. हा उपक्रम कलाविषयक नव्हता. तथापि लिपी ही एका समाजाची मालमत्ता नाही, हा त्यामागील विचार अक्षरचित्रणाच्या आकलनासही उपकारक आहे. लिपी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला अक्षर केवळ रेषा म्हणून भिडते. जाणणाऱ्याला ते रेषा व अर्थ अशा दोन्ही अंगांनी प्रतीत होते. अक्षर केवळ शोभेपुरते उरल्यास मात्र हे दुहेरी सामर्थ्य नष्ट होते.