विश्लेषण : मोबाइलवरचा गटनकाशा किती खरा?

गट क्रमांक टाकला की शेताचा नकाशा आता मोबाइलवर दिसतो. दोन बोटांनी तो हवा तेवढा मोठा करता येतो. पण रेघ मोठी दिसली म्हणून मोजणी अचूक होत नाही, आणि बांधाच्या भांडणात नेमका इथेच घोळ होतो.

जुनी चूक नव्या नकाशात कशी येते?
अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात अक्षांश-रेखांशांवर जग मांडले. मात्र पृथ्वीचा घेर त्याने बराच कमी धरला आणि आशिया पूर्वेकडे ताणला. पंधराव्या शतकात त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आला, तशी ही चूकही युरोपभर गेली. पश्चिमेकडून आशिया जवळ आहे, या कोलंबसच्या समजुतीला तिचाही हातभार होता.

आपल्याकडची मोजणी कशी झाली?
१८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा साखळीने मोजली. तिच्यावर रचलेले त्रिकोणांचे जाळे पुढे हिमालयापर्यंत पोहोचले. गावांची मोजणी मात्र वेगळी. तिचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात बसवलेली पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. हत्यारे दोनच, शंकू आणि ३३ फुटी साखळी. (३३ बाय ३३ फूट म्हणजेच आपला गुंठा.) हा नकाशा गावापुरता असे, त्यावर अक्षांश-रेखांश नसत.

मग अडचण कुठे?
तेच कागद स्कॅन करून उपग्रहचित्रांवर बसवले जातात. जीर्ण कागद आकसलेला असतो. १:५००० प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघच अडीच मीटर जागा खाते. शेजारच्या दोन गावांचे नकाशे जोडले, की शिवा एकमेकींवर चढतात किंवा मध्ये फट राहते. रोव्हर यंत्र काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगते खरे, पण ती आज आपण उभे आहोत ती जागा. मूळ हद्द कुठे होती, यासाठी टिपण, फाळणी आणि शिवेचा दगडच शोधावा लागतो. म्हणून वाद असेल तर मोबाइलचा स्क्रीनशॉट नव्हे, रीतसर मोजणीची ‘क’ प्रत हवी.

गावठाणात तर बहुतेक ठिकाणी घरवार नकाशेच नव्हते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तिथे ड्रोन उडतो. त्याआधी मालक आणि शेजाऱ्यांसमोर चुन्याने हद्द आखली जाते. कॅमेरा टिपतो ती हीच पांढरी रेघ.